राहुटी

माघी पौर्णिमा उलटली, की नारायणगावात पुणे-नाशिक रस्त्याच्या कडेला बांबू उतरू लागतात. खड्डे पडतात, सुतळीचे वेढे बसतात, वर ताडपत्री ताणली जाते आणि एका दुपारीत राहुटी उभी राहते. तिच्या शेजारी दुसरी, मग तिसरी. गुढीपाडव्यापर्यंत तीसेक राहुट्यांची रांग लागते आणि प्रत्येकीच्या कपाळावर एकेका तमाशा फडाचा फलक चढतो. गावोगावच्या यात्रांचे तमाशे ठरतात ते इथं. आमच्या खोडदपासून हे अंतर दहा-बारा किलोमीटरचं. जुन्नर-आंबेगावच्या माणसांना ही रांग इतकी अंगवळणी पडलेली, की फलकावरची नावं सगळे वाचतात, फडाफडांची तुलना करतात, सोंगाड्यांच्या आठवणी काढतात. राहुटीविषयी मात्र कुणी चार शब्द बोलत नाही. माझ्या मते बोलावं अशीच ती आहे. त्यातही रांगेच्या अगदी शेवटी, जिथं सावली कमी आणि धूळ जास्त, तिथं यंदा पहिल्यांदाच उभी राहिलेली राहुटी.

नव्या फडाची राहुटी लांबूनच ओळखू येते. जुने फड फलक दरवर्षी नवा छापत असले, तरी त्यावर एखादा चेहरा दिवंगत मालकाचा असतो, त्याच्या छायाचित्राला हार असतो, खाली मिळालेल्या मानसन्मानांची यादी असते. नवीच्या फलकावरचे सगळे हयात. नऊवारीतल्या मुली, फेटा बांधलेला सोंगाड्या, जरीच्या अंगरख्यातला वगाचा नायक, आणि मधोमध मोठ्या अक्षरांत मंडळाचं नाव. या नावांची एक ठरलेली घडण आहे. एका नावाला ‘सह’ लावून दुसरं जोडायचं, मागोमाग गावाचं ‘कर’, आणि शेवटी ‘लोकनाट्य तमाशा मंडळ’. रघुवीर खेडकर सह कांताबाई सातारकर, मंगला बनसोडे सह नितीनकुमार, ही नावं महाराष्ट्रातल्या कुठल्याही यात्रेत लहान पोरंसुद्धा घडाघडा म्हणतात. नव्या मंडळालाही असंच कुणाचं तरी ‘सह’ हवं असतं. आईचं, मामाचं, ज्या फडात वीस वर्षं काढली त्या फडाच्या गुरूचं. लोक फलक वाचतात तेव्हा आधी ते दुसरं नाव शोधतात, आणि राहुटीला हे ठाऊक असतं.

आत शिरलं, की डोळ्यांना आधी काही दिसत नाही, कारण बाहेर फाल्गुनाचं ऊन असतं. मग हळूहळू एकेक वस्तू दिसू लागते. देवाची तसबीर, तिच्यापुढं उदबत्ती, एक टेबल, प्लॅस्टिकच्या चार-सहा खुर्च्या, कोपऱ्यात गुंडाळलेल्या वळकट्या, पाण्याचा जार. टेबलामागं व्यवस्थापक बसलेला असतो. फडाचा मालक बहुधा उभाच असतो, आत-बाहेर करत. नवा मालक राहुटीत फार वेळ बसूच शकत नाही. रस्त्यावर जीप थांबली की तो बाहेर, जीप पुढं गेली की आत.

टेबलावर एक वही असते. लांबट, जाड पुठ्ठ्याची, कापडी पाठीची. त्या वहीकडं जरा जवळून पाहिलं पाहिजे, कारण राहुटीचा जीव तिच्यात असतो. डावीकडच्या पहिल्या रकान्यात तिथी लिहिलेली असते, दुसऱ्यात तारीख, मग गाव, तालुका, ठरलेली रक्कम, इसार, बाकी, आणि शेवटी गावकऱ्यांची सही. चैत्र शुद्ध प्रतिपदेपासून वैशाखी पौर्णिमेपर्यंत एकेका दिवसाची एकेक ओळ. जुन्या फडाची वही राहुटीत येते तेव्हाच निम्मी भरलेली असते, कारण वर्षानुवर्षं ठरलेली गावं असतात. तिथं नुसतं रकमेचं बोलणं बाकी असतं. नव्या फडाच्या वहीत पहिले दोन रकाने वळणदार अक्षरात वरपासून खालपर्यंत भरलेले, आणि पुढचे सगळे कोरे. व्यवस्थापक दिवसातून अनेकदा ती उघडतो, पानावरून हात फिरवतो आणि मिटतो.

त्या तिथ्यांनाही आपापला स्वभाव आहे. गावाची यात्रा तिथीनं ठरते. देव कुणाच्या सोयीसाठी दिवस बदलून देत नाही. चैत्री पौर्णिमेला हनुमान जयंती, म्हणून त्या दिवशी किती गावांत पालखी, कुस्त्या आणि तमाशा असतो ते विचारूच नका. चैत्र वद्य अष्टमीला भैरवनाथाची ठाणी जागी होतात. पुढं अक्षय्य तृतीया. या तिथ्यांना गावं जास्त आणि फड कमी पडतात. नव्या फडाची आशा असते ती इथं. नावाजलेले फड संपले, की उरलेली गावं रांगेच्या टोकापर्यंत चालत येतात. राहुटी त्यांची वाट पाहते, आणि आलेल्या पाहुण्याला आपण दुसऱ्या पसंतीचे आहोत हे जाणवू देत नाही. चहा आधी, पाणी त्याच्याही आधी.

“कुठला म्हणायचा फड?”

“नवा आहे पाव्हणं. बसा तर खरं. गाव कोणतं?”

गाव सांगितलं जातं, तिथी सांगितली जाते. मग गावच्या पंचांतला एक जण, बहुधा टोपीवाला, नेमके प्रश्न काढतो. बाया किती? नाचणारी पोरं किती? वाजवणारे? वग कोणता? स्टेज तुमचं का आमचं? जनरेटर आहे का? दुसऱ्या दिवशी हजेरी करणार ना? शेवटचा प्रश्न आमच्या भागात फार महत्त्वाचा. रात्रीचा खेळ सगळे पाहतात, पण सकाळची हजेरी ही गावची स्वतःची असते. तिथं नावं घेऊन बक्षिसं पुकारली जातात, परगावाहून आलेल्या पाहुण्यांसमोर गावाचा मान राहतो. ज्या फडाला हजेरी रंगवता येत नाही, त्याला पुन्हा बोलावणं येत नाही.

“सोंगाड्या कोण तुमचा?”

व्यवस्थापक नाव सांगतो. टोपीवाल्याचा चेहरा बदलतो. “आरं, हा त्यांच्याकडं होता की! आमच्या गावाला येऊन गेलाय. राजाच्या दरबारात झोपतो तो ना?” मालक बाहेरून आत येतो. बोलणं आता खऱ्या अर्थानं सुरू झालेलं असतं.

फड नवा असतो, माणसं नवी नसतात; पंचांना ही ओळख पटवून देणं हेच राहुटीचं काम. स्थळ घेऊन आलेल्या मध्यस्थानं मुलाचा पगार सांगण्याआधी त्याचं आजोळ सांगावं, तसं ती फडाचं गणगोत सांगते. ढोलकीवाला कुणाच्या हाताखाली तयार झाला, गौळणीतली मावशी कोणत्या फडात किती हंगाम होती, कीबोर्डवाल्याचा बाप पेटी कुणाकडं वाजवायचा.

असा फड जमतो तो पावसाळ्यात. वैशाखी पौर्णिमेला हंगाम संपतो, कलावंत आपापल्या गावी जातात, पेरणीच्या कामाला लागतात, आणि आषाढ-श्रावणात फोन वाजू लागतात. कुणाचं कुठं बिनसलंय, कोण मोकळं आहे, कुणाला आता दुय्यम भूमिका नकोय. नवा मालक म्हणजे बहुधा कुणी मुरलेला सोंगाड्या, एखाद्या गायिकेचा मुलगा, नाहीतर वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या वह्या लिहिलेला व्यवस्थापक. तो उचल देतो. उचल म्हणजे हंगामाआधीच हातात ठेवलेली रक्कम. तिच्यावर कलावंताच्या घरचं लग्न होतं, पोराची फी भरली जाते, जुनं देणं फिटतं. ही रक्कम मालकाकडं कुठून येते? व्याजानं. जमिनीचा तुकडा, बायकोचं सोनं, आणि उरलेलं सावकाराकडून. मोठ्या फडात शंभर-सव्वाशे माणसं असतात. नवा फड त्याच्या निम्म्यावर सुरू झाला, तरी ट्रक, बस, स्टेज, कनाती, दिवे, स्पीकर हे सगळं लागतंच. म्हणजे पहिली ढोलकी वाजायच्या आधी फडाच्या डोक्यावर कर्जाचा आकडा बसलेला असतो.

मग तालीम. एखादं रिकामं मंगल कार्यालय, कुणाचा कांद्याचा मोकळा पडलेला शेड. गण, गौळण, बतावणी, रंगबाजी आणि वग, हा ढोलकीफडाच्या तमाशाचा जुना क्रम. पुढच्या बाजूला ढोलकी, हलगी, तुणतुणं, झांज, पेटी. त्यांच्यामागं आता कीबोर्ड, ऑक्टोपॅड, कधी ड्रमसेट, कधी गिटार. पहिले काही दिवस या दोन ओळी एकमेकींशी बोलत नाहीत. ढोलकी चढ्या सुरात घट्ट ओढलेली, तिला कलावंतिणीच्या पायाकडं बघून वाजायची सवय. ऑक्टोपॅडवाला पोरगा ऑर्केस्ट्रातून आलेला, त्याला ठरलेल्या लयीत गाणं पुरं करायची सवय. तो दोन मात्रा आधी थांबतो. ढोलकीवाला वर न बघता म्हणतो, “तिचा गिरका संपू दे.” हे दोघं ज्या दिवशी एकत्र थांबतात, त्या दिवशी फड झाला असं समजायचं. त्याआधी ती नुसती उचल घेतलेली माणसं असतात.

तरुण पोरं याला सरळ ‘आमचा बँड’ म्हणतात, आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही. शहरातला रॉक बँड जमतो तोही असाच, कुणाच्या तरी गॅरेजमध्ये नाहीतर गच्चीवर. १९८४ साली मुंबईत रॉक मशीन नावाचा बँड उभा राहिला. कॉलेजांच्या महोत्सवांत वाजवत, ऐकणाऱ्यांना तोंडपाठ असलेली इंग्रजी गाणी आधी म्हणत, हळूहळू स्वतःची गाणी पुढं आणत त्यांनी वाट काढली. पहिला अल्बम आला १९८८ मध्ये. पुढं १९९३ च्या सुमारास त्यांनी नाव बदलून इंडस क्रीड केलं आणि दूरचित्रवाणीवरून ते देशभर पोहोचले. नव्या मंडळींना आधी दुसऱ्याच्या गाण्यांवर उभं राहावं लागतं आणि मग आपलं गाणं मांडायचं धाडस करावं लागतं, हे मुंबईत खरं आणि नारायणगावातही खरं. फडाची रंगबाजी असते ती चित्रपटातल्या गाण्यांची, लोकांना माहीत असलेल्या लावण्यांची. फडाचं स्वतःचं असं जे काही, ते बतावणीत आणि वगात.

पण रॉक मशीनला पहिल्या अल्बमपर्यंत चार वर्षं मिळाली. नव्या फडाला चार वर्षं कोण देणार? व्याज महिन्याला चढतं. दसऱ्यापासून तिकिटावरचे खेळ झालेले असतात, पण ते कुठं कुठं लांब, कनाती ठोकून. थंडी, अवकाळी, रिकाम्या खुर्च्या सोसून. इथल्या पंचांनी त्यातलं काही पाहिलेलं नसतं. आणि आता पाडव्याच्या आत, ज्याचा एक शब्दही कानावर पडलेला नाही अशा फडावर गावानं आपल्या देवाची रात्र सोपवायची असते. ऐकण्याआधी विश्वास ठेवायचा. कुठल्याही नव्या कलावंताची सगळ्यात अवघड पायरी हीच आहे आणि ती पार करण्यासाठी आमच्या तालुक्यानं बांबू-ताडपत्रीची ही एक जागा तयार करून ठेवली आहे. मुंबई-पुण्याच्या गाणाऱ्या पोरांकडं स्टुडिओ असेल, इंटरनेट असेल. समोरासमोर बसवून, चहा पाजून, इसार घेऊन पहिला खेळ मिळवून देणारी अशी राहुटी त्यांच्याकडं नाही. मला याचा अभिमान वाटतो.

मोबाईल आल्यापासून राहुटीच्या बोलण्यात थोडा फरक पडला आहे. व्यवस्थापक फोन आडवा धरतो, पंच डोकी जवळ आणतात, आणि तालमीतली गौळण मिनिटभर वाजते. आवाज पत्र्यासारखा येतो, मुली ओळखू येत नाहीत. टोपीवाला मान हलवतो, पण फोन परत देताना विचारतो तोच प्रश्न, जो त्याच्या बापानं विचारला असता: “माणसं यात्रेपर्यंत टिकतील ना? का मधेच पळतील?” चित्रफितीला याचं उत्तर देता येत नाही. मालकाला द्यावं लागतं, डोळ्याला डोळा भिडवून.

आमच्या खोडदला अशा विश्वासाची दुसरी एक खूण उभी आहे. जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या. एकेकीचा व्यास ४५ मीटर, अशा ३०. चौदा मध्यभागी जवळजवळ, बाकीच्या सोळा इंग्रजी वाय अक्षराच्या तीन फाट्यांवर, पंचवीसेक किलोमीटरच्या पसाऱ्यात. खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी पोलादी दोरखंडांवर बारीक तारांची जाळी ताणून हलकी आणि स्वस्त तबकडी करायची कल्पना मांडली, तेव्हा तशी एवढी मोठी दुर्बीण जगात कुठंच नव्हती; इथंही पाहण्याआधी विश्वास ठेवावा लागला. पुण्यापासून ऐंशी किलोमीटरवरचा हा भाग त्यांनी निवडला, कारण शहरी रेडिओ गोंगाटापासून डोंगर आडोसा देतात. यात्रेच्या दिवसांत परगावचे पाहुणे काळजीनं विचारतात, की रात्रभर स्पीकर लावल्यावर या दुर्बिणीला त्रास होत नाही का? होत नाही. ती आवाज ऐकतच नाही, रेडिओ लहरी टिपते. तिला त्रास होतो तो ठिणग्या उडवणाऱ्या तारांचा, सदोष मोटारींचा, मोबाईल टॉवरांचा. ढोलकी तिच्या पायथ्याशी वाजवली तरी ती तक्रार करणार नाही.

राहुटीला पूर्वजही आहेत आणि ते मोठे आहेत. नारायणगावचं नाव ज्या घराण्यानं गाजवलं, ते भाऊ-बापू मांग नारायणगावकरांचं. नारायण खुडे यांचा फड, पुढं भाऊ आणि बापू या त्यांच्या मुलांचा, आणि भाऊंची मुलगी विठाबाई. त्यांचा जन्म १९३५ साली पंढरपूरचा, मृत्यू २००२ साली. १९५७ आणि १९९० मध्ये त्यांचा राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान झाला. १९६२ च्या युद्धाच्या वेळी त्या सीमेवरच्या जवानांसमोर नाचल्या-गायल्या. दिवस भरलेले असताना बोर्डावर उभ्या राहिल्या, कळा सुरू झाल्यावर मागं गेल्या, बाळंत झाल्या, दगडानं नाळ तोडली आणि पुन्हा प्रेक्षकांपुढं आल्या, ही गोष्ट महाराष्ट्राला पाठ आहे. त्या ‘मागं’ जी जागा असते, तिला नीट भिंत नसते. कनातीचा आडोसा असतो, राहुटीचं कापड असतं. राज्य सरकारनं २००६ पासून त्यांच्या नावानं जीवनगौरव पुरस्कार सुरू केला, तो योग्यच झाला. मात्र त्यांच्या शेवटच्या वर्षांतली ओढगस्त ज्यांनी पाहिली, ते नव्या मालकाला सल्ला देताना आजही आधी म्हणतात, हिशोब सांभाळ.

नव्या फडांच्या मालकांमध्ये अशा घराण्यांच्या लेकी-नाती आहेत, त्यांच्याकडं वाढलेली माणसं आहेत. जुन्या फडातून नवा फुटतो तेव्हा वाईटपणा येतो, नाही असं नाही. पण राहुट्यांच्या रांगेत मी पाहिलंय, की जुन्या फडाचा व्यवस्थापक आपली तिथी भरल्यावर आलेल्या गावाला सांगतो, “आमच्याकडं नाही जमणार, त्या टोकाला जा, पोरगं आमच्यातलंच आहे.” एवढ्या एका वाक्यावर कोऱ्या वहीत पहिली ओळ भरते.

कधी कधी ती भरूनही उपयोग होत नाही. २०२० साली गुढीपाडवा होता २५ मार्चला. देशभरातली टाळेबंदी सुरू झाली तीही त्याच दिवशी. ज्या दिवशी या रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसायची, कोटीच्या घरात उलाढाल व्हायची, त्या दिवशी इथं बांबूसुद्धा उरले नव्हते. इसार परत करायचे होते, उचल आधीच खर्च झालेली होती. पुढचं वर्षही तसंच गेलं. सलग दोन यात्रा-हंगाम बुडाले. त्या काळात किती नवे फड जन्माआधीच संपले, त्याची नोंद कुठल्याच वहीत नाही, कारण त्यांची राहुटी उभीच राहिली नाही. जुने फड कर्जात का होईना तगले. ज्यांना अजून नाव नव्हतं ते मजुरीला गेले. कलावंतांच्या मदतीचे विचार करताना सरकारनं नोंदणी, जुने खेळ, मिळालेले पुरस्कार पाहावेत, हे समजण्यासारखं आहे. पण त्यामुळं ज्याला सर्वांत जास्त गरज आहे तो, म्हणजे पहिल्या वर्षाचा फड, हमखास बाहेर राहतो. याचा कुणीतरी विचार करायला हवा.

दुसरा बदल सावकाश झाला. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद, वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत सवलत. आजाऱ्यांसाठी, परीक्षेच्या पोरांसाठी ते हवंच होतं. पण तमाशाचा वग रात्री दोनला रंगात यायचा. आता नऊला खेळ सुरू झाला तर गण-गौळण आणि रंगबाजीतच वेळ संपतो. नव्या फडापुढं पेच पडतो तो इथं. जे त्यांचं स्वतःचं, ज्यासाठी चार महिने संवाद घोकले, तेच सादर करायला वेळ उरत नाही. आणि उसन्या गाण्यांवर डीजेशी नाहीतर लावणीच्या स्टेज शोशी बरोबरी करायला जावं तर तिथं आपण कमी पडणार. काही नव्या मंडळांनी वग तासाभराचा केला आहे, प्रवेश घट्ट बांधलेत. बतावणीतच चालू जमान्याचे विषय घालून सोंगाड्याला मोकळं सोडलं आहे. मला हा मार्ग बरा वाटतो. वग अजिबात काढून टाकणारा फड पहिल्या वर्षी चार सुपाऱ्या जास्त मिळवील, तिसऱ्या वर्षी लोक त्याला विसरतील.

राहुटीला शेतीचेही भाव कळतात, कळावेच लागतात. नारायणगावचा टोमॅटोचा बाजार जवळच. टोमॅटोला भाव असला, कांदा बरा गेला, द्राक्षं पावसातून वाचली, की पंचांच्या बोलण्यात सैलपणा येतो, कारण यात्रेची वर्गणी घराघरातून निघते. भाव पडला की टोपीवाला आधीच म्हणतो, “यंदा ताणू नका.” बैलगाड्यांच्या शर्यतींवर २०१४ पासून बंदी होती, तेव्हाही यात्रा ओसरल्या होत्या, दिवसा शर्यतीच्या घाटात गाडे नाहीत म्हटल्यावर पाहुणे कमी येत, मग रात्रीचा मोठा फड कशाला? २०२१ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानं परवानगी दिली आणि पुढच्या चैत्रात घाट पुन्हा भरले. त्याचा लाभ घाटाइतकाच या रांगेलाही झाला.

पाडव्याच्या दिवशी राहुटी आपलं खरं रूप दाखवते. सकाळी तिच्या बांबूलाच गुढी बांधतात. अकराच्या पुढं जीपा, पिकअप, मोटारसायकली. मोठ्या राहुट्यांपुढं गर्दी, आत आकडे बोलले जातात, माणसं रागानं उठतात आणि दहा मिनिटांनी परत येतात. रांगेच्या टोकाला गर्दी पोहोचते ती उन्हं कलल्यावर. तोवर मालकानं पाणीसुद्धा घेतलेलं नसतं. मग ते आधी येऊन गेलेले पंच पुन्हा येतात. त्यांना हवा होता तो फड मिळालेला नसतो, हे सगळ्यांना कळत असतं आणि कुणी बोलत नाही.

“अष्टमी मोकळी आहे ना?”

“तुमच्यासाठीच ठेवली.”

आकड्यावर अर्धा तास जातो. टोपीवाला खाली ओढतो, व्यवस्थापक डिझेलचा हिशोब मांडतो. शेवटी मालक वहीवर हात ठेवून म्हणतो, “तात्या, पहिलंच वर्ष आहे. तुम्ही म्हणाल ते. पण एक अट. वग होऊ द्यायचा. मधेच गाण्यांची फर्माईश नको.” टोपीवाला त्याच्याकडं बघतो. बाकीचे पंच एकमेकांकडं. हे त्यांना अपेक्षित नसतं. नवा फड पैशाची अट घालतो, खेळाची नाही. “होऊ द्या,” तो म्हणतो, आणि कमरेच्या पिशवीतून इसाराच्या नोटा काढतो. सही करताना पंचांचा हात त्या रकान्यात थोडा बाहेर जातो. करारपत्राची एक प्रत त्यांना, एक फडाला. एवढ्यात शेजारच्या राहुटीतून कुणी पेढे आणून ठेवतं.

चार-सहा दिवसांत रांग मोडते. राहुटी मात्र घरी जात नाही. तिचं कापड ट्रकवर चढतं आणि पहिल्या गावात स्टेजमागं पुन्हा ताणलं जातं, आता रंगपट म्हणून. तिथं ती वेगळी होते. टेबलाच्या जागी पत्र्याच्या पेट्या, त्यांवर टेकवलेले आरसे, कापडाला टाचलेले शालू, दोरीवर घुंगरांचे चाळ. एका कोपऱ्यात कलावंतिणीचं तान्हं बाळ साडीच्या झोळीत निजलेलं. पाच-पाच किलोचे चाळ बांधताना मुली पाय पुढं ताठ करतात आणि पट्ट्याचा शेवटचा वेढा दातांनी ओढतात. नवी आलेली पोरगी, पहिल्यांदाच एवढ्या गर्दीपुढं जाणारी, कापडाच्या फटीतून बाहेर बघते. मावशी तिच्या कपाळाची चंद्रकोर बोटानं सरळ करते, ढोलकीवर हलगीचा पहिला जाब येतो, आणि सगळ्याजणी स्टेजच्या पायऱ्यांना हात लावून वर जातात.

त्या रात्री वग झाला. बाराला दहा मिनिटं कमी असताना सोंगाड्यानं राजाच्या तोंडावर शेवटचा जवाब दिला आणि पोलीसपाटलांनी घड्याळाकडं बोट केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरीत गावची नावं पुकारली गेली, फेटे बांधले गेले, उन्हं चढेपर्यंत ढोलकी वाजली. दुपारी बाकी घ्यायला व्यवस्थापक देवळाच्या ओट्यावर वही घेऊन बसला. टोपीवाल्यानं नोटा मोजून दिल्या, पुन्हा मोजायला लावल्या, आणि उठता उठता म्हणाला, “आकड्याचं पुढल्या पाडव्याला बोलू. अष्टमी मात्र आत्ताच लिहून ठेवा.”